उतारेबाबांच्या बाहीवरचा डाग

“निळं झालं! अगं बाई, निळं झालं!”

*

शेडच्या भिंतीवर तेलरंगात लिहिलंय: सोला. धुवा. किसा. दाबा – तीन दिवस. चाळा. भाजा. त्याखाली कुणीतरी नंतर वेगळ्या अक्षरात भर घातलीय: तीन म्हणजे तीनच. विचारू नये.

*

अंगरख्याच्या उजव्या बाहीवर निळा डाग. आतल्या बनियनवर, बरोबर त्याच जागी, पिवळट डाग.

*

कसाव्याचा, म्हणजे साबुदाणा करतात तो, कंद जमिनीत असेपर्यंत वर्ष-दीड वर्ष खुशाल राहतो. खणून वर काढला की दोन दिवसांत त्याच्या आत काळ्या रेघा पडायला लागतात.

*

दवाखान्याच्या कपाटात, बँडेजच्या गठ्ठ्याखाली, एक चपटा डबा. आत पिवळ्या कागदाच्या पट्ट्या. चार वर्षांत एकदाही उघडलेला नाही.

*

किसणीयंत्राचा पट्टा सोमवारी सकाळी तुटला. ते यंत्र माझ्या ताब्यात आहे.

*

आता क्रमाने.

मी मिस्त्री. आमची शेड म्हणजे वर पत्रे, तीन बाजूंनी जाळी, मधोमध धुण्याचा हौद, आणि एका रांगेत लोखंडी चौकटींत बसवलेले ट्रकचे सहा जुने जॅक. कसाव्याचा कीस पोत्यांत भरायचा, पोती चौकटीत रचायची, वर फळी ठेवायची, फळीवर जॅक, आणि सकाळ-संध्याकाळ दांडा हाणत दाब वाढवत न्यायचा. पोत्यांतून दुधासारखं पाणी ठिबकत राहतं. तीन दिवसांनी कोरडा, आंबूस वासाचा चोथा उरतो. तो चाळून मोठ्या कढयांत भाजला की झाला रवा. पाण्याच्या तळाशी जो पांढरा साका बसतो, ती खळ. ती कपड्यांना चालते, कागदाच्या कारखान्याला चालते, डिंकवाल्याला चालते. कंदातलं काही वाया जात नाही. सालीसुद्धा वाळवून सरपणाला जातात.

आमच्याकडचा कसावा कडू जातीचा. उंदीर, डुक्कर आणि चोर, तिघंही त्याच्या वाटेला जात नाहीत, म्हणून तर लोक तो लावतात. हलक्या जमिनीत येतो, पाऊस कमी पडला तरी येतो, लाड मागत नाही. एकच अट घालतो: मला घाईने खाऊ नका.

शेडमध्ये एकोणीस बायका कामाला. त्यांची प्रमुख माझी मावशी. माझी सख्खी, बाकी सगळ्यांची मानलेली. आवाज असा की यंत्र चालू असतानाही ऐकू येतो आणि यंत्र बंद असताना तर जरा जास्तच.

यंदा पहिल्यांदाच शेडला बावीस शाळांच्या दुपारच्या जेवणाची ऑर्डर मिळाली होती. आधी ती शहरातल्या एका मोठ्या गिरणीकडे असायची. शनिवारी सकाळी गाडी येणार, चाळीस पोती रवा उचलणार. नाही मिळाला तर ऑर्डर परत गिरणीला. चौदा पोती आधीच्या घाण्याची तयार होती. राहिलेल्या सव्वीस पोत्यांसाठी सोमवारी किसणी, गुरुवारपर्यंत दाब, शुक्रवारी भट्टी, असा हिशेब मावशीने बोटांवर मांडून ठेवला होता.

सोमवारी पट्टा तुटला. नवा यायला बुधवारची संध्याकाळ झाली. तोवर सोललेले कंद काळे पडून उकिरड्यावर गेले होते. गुरुवारी पहाटे नवे खणून आणले, दुपारपर्यंत किसून पोत्यांत भरले, जॅकखाली लावले. म्हणजे दाब पुरा होणार रविवारी. आणि गाडी शनिवारी.

मावशी मला ओरडली नाही. ती ओरडत नाही तेव्हा मला भीती वाटते.

“बावीस वर्षांत माझ्या रव्याने कुणाचं पोट दुखलेलं नाही,” ती हौदाच्या कडेवर बसून म्हणाली, “आणि बावीस वर्षांत मी कुणाला मालासाठी थांबवलेलं नाही. या आठवड्यात दोन्हीपैकी एक मोडणार. कुठलं, तेवढं ठरवायचंय.”

नेमक्या याच क्षणाला फाटकाशी घंटा वाजली.

*

उतारेबाबा आठ दिवसांपासून आमच्या भागात मुक्कामाला होते. विषाला उतारा देतात म्हणून उतारेबाबा. घरोघरी जाऊन त्यांनी पिठाचे डबे ‘मोकळे’ केले होते आणि त्यांची ख्याती आमच्या वीजपुरवठ्यापेक्षा भरवशाची झाली होती. अंगरखा पांढराशुभ्र आणि असा कडक की ते बसले तरी तो उभाच राहायचा. मागे त्यांचा शिष्य. हा शिष्य बाबांपेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठा, गुडघ्याने अधू, हातात घंटा. सगळे त्याला घंटाकाका म्हणायचे. त्याच्या मागे गर्दी. गर्दीला काय, घंटा वाजली की झालं.

“माई!” बाबा म्हणाले. “चेहऱ्यावर तीन दिवसांचं ओझं दिसतंय!”

मावशीने माझ्याकडे पाहिलं. तीन दिवसांचं ओझं बोळाच्या टोकापर्यंत सगळ्यांनाच माहीत होतं. पट्टा आणायला मी चार दुकानं फिरलो होतो आणि चारही ठिकाणी कहाणी सांगितली होती.

बाबांनी काचेचा वाडगा मागितला. पोत्यातून ओला कीस मूठभर घेतला, वाडग्यात टाकला, वर थोडं पाणी. मग झोळीतून दोन बाटल्या काढल्या. एकीत फिक्या चहासारखं पाणी. दुसरीत साधं दिसणारं, जरासं गढूळ.

“या कंदाच्या पोटात काळा नाग बसलाय!” बाबांचा आवाज पत्र्याला जाऊन धडकला. “त्याच्यावर जॅक ठेवून तो मरेल? नाग काय ट्रक आहे? नाग आधी दिसला पाहिजे, मग निघतो. हे पहिलं पाणी, दर्शनपाणी! हे दुसरं, हरणपाणी! पहिलं दाखवतं, दुसरं घालवतं. तिसरं पाणी मी ठेवतच नाही. लागतच नाही!”

घंटाकाकांनी घंटा वाजवली. बाबांनी दर्शनपाण्याचे चार थेंब सोडले.

पांढरा कीस बघता बघता निळा झाला. निळा म्हणजे शाईसारखा, काळपट, खोल निळा. कुणाच्या तरी हातातली चाळणी पडली.

“निळं झालं! अगं बाई, निळं झालं!”

“हे विष! हे तुम्ही रोज खाता!” बाबा गरजले. गर्दीतल्या निम्म्या लोकांनी पोटावर हात ठेवला. बाबांनी डोळे मिटले, ओठ हलवले, दुसऱ्या बाटलीतलं पाणी ओतलं आणि वाडगा हलवला.

निळं गेलं. कीस पुन्हा पांढरा.

टाळ्या, हुंदके, घंटा. मी हसलो नाही, हे इथेच कबूल करतो. एरवी मी असल्या गोष्टींना हसतो. यंत्र बंद पडलं की मी नवस करत नाही, आधी वायर बघतो. पण माझ्या पट्ट्याने खाल्लेले तीन दिवस हा माणूस परत देत होता. ते खरं असावं असं मला मनापासून वाटत होतं. फसायला अक्कल कमी असावी लागते असं लोक समजतात. गरज जास्त असली तरी पुरतं.

मावशीने एक प्रश्न विचारला. “महाराज, ही बघा आमची चौदा पोती, तीन दिवस दाबलेली. त्यातल्या रव्यावर टाका ना तुमचं पहिलं पाणी. बघू तो पांढरा राहतो का.”

बाबांचे डोळे अर्ध्या क्षणासाठी उघडले. “माई, शुद्ध वस्तूची परीक्षा घेतली की ती अशुद्ध होते.”

“असं कसं?”

“असंच असतं.”

गर्दीला उत्तर पटलं. गर्दीला प्रश्नच ऐकू आला नव्हता. बाबांनी सव्वीस पोत्यांवर हरणपाणी शिंपडलं, जॅक काढून टाकायला सांगितलं (“पाण्याचा अपमान होतो”), उद्या खुशाल भाजा म्हणाले, आणि जाता जाता, स्वतःला काहीही नको असलेल्या माणसाच्या सुरात, दहातलं एक पोतं आश्रमासाठी बाजूला काढायला सांगितलं. आश्रम कुठे आहे ते मात्र सांगितलं नाही.

*

तासाभराने कडकताई आली.

कडकताई म्हणजे समोरची इस्त्रीवाली. आमच्या शेडची खळ नेते, अख्ख्या बाजाराचे कपडे त्या खळीत बुडवते. तिने इस्त्री केलेला सदरा घालून माणूस वाकला की आवाज येतो, म्हणून हे नाव. तिच्या हातात बाबांचा कालचा अंगरखा आणि बनियन होती आणि कपाळावर आठी.

“मिस्त्री, तुम्ही डोकं चालवता ना? मग हे सांगा. हा डाग बघा बाहीवर. निळा. आणि ही आतली बनियन. अगदी त्याच जागेवर, पण पिवळा. थेंब वरून पडला आणि आत झिरपला, एकच थेंब. मग रंग दोन कसे?”

“शाई असेल.”

“शाई जाते वरूनसुद्धा निळी, आतसुद्धा निळी. पंचवीस वर्षं डाग काढतेय मी. डाग खोटं बोलत नाही, माणूस बोलतो.”

“मग दोन कपड्यांत फरक काय?” मी विचारलं.

तिने बाहीवरून अंगठा फिरवला. मग हळूच म्हणाली, “अंगरख्याला खळ असते. बनियनला कोण खळ घालतं?”

दोघंही एकाच वेळी शेडमधल्या त्या वाडग्याकडे वळलो.

*

दवाखाना. नर्सबाई. टेबलावर अंगरखा, बनियन, आणि तो वाडगा.

“वास घ्या,” कडकताई म्हणाली.

नर्सबाईंनी बनियन नाकाशी धरली आणि हसायलाच लागल्या. “अहो, हा वास मी रात्रंदिवस घेते. जखमेवर लावतो ते आयोडीन! माझ्या प्रत्येक गणवेशावर हा पिवळा डाग आहे.”

“मग निळं कसं?”

“आयोडीनला खळ भेटली की निळा रंग येतो. खळ, म्हणजे स्टार्च. कसाव्यात तोच भरलेला असतो. बटाट्यात, भातात, पावात, कागदात, तुमच्या बाहीत. त्याचा विषाशी काही संबंध नाही.”

“आणि परत पांढरं?”

त्यांनी कपाटातून एक गोळी काढली, क जीवनसत्त्वाची, हिरड्यांतून रक्त येणाऱ्यांना देतात ती. कुटून पाण्यात विरघळवली. वाडग्यात निळं केलं, त्यावर हे पाणी ओतलं. निळं गायब.

“लिंबाच्या रसानेही होतं,” त्या म्हणाल्या. “आयोडीनचा रंग मोडतो, बस्स. विष होतं तिथेच राहतं.”

शेवटचं वाक्य बोलताना त्यांचं हसू गेलं होतं. त्यांची आधीची नेमणूक दूरच्या एका गावात होती. एका वर्षी दुष्काळ पडला, घराघरांत घाई झाली, कडू कसावा एक दिवस भिजवून, एक दिवस दाबून लोक खायला लागले. महिनोन्‌महिने तेच, दुसरं काही नाही. “एके दिवशी सकाळी मुलं उठली आणि पाय सरळ होईनात. कायमचे. औषध नाही त्याला. मी तेरा मुलं मोजली, मग मोजणं थांबवलं.” त्यांनी बँडेजचा गठ्ठा उचलला आणि खालचा चपटा डबा काढला. “तेव्हा आरोग्य खात्याने हे देऊन ठेवलं होतं. कसाव्यातून विषारी वायू सुटत असेल तर ही पिवळी पट्टी विटकरी होते. एक दिवस थांबावं लागतं. तुमच्या मावशीच्या रव्यासाठी कधी काढायची वेळच आली नाही.”

दोन बाटल्या घेतल्या, मी शेडमधून नमुने आणले. एकीत बाबांनी मोकळा केलेला कीस. दुसरीत चौदा पोत्यांतला रवा, थोडं पाणी घालून. दोन्हींत झाकणाला एकेक पट्टी टांगली, झाकणं घट्ट लावली. गुरुवार, चार वाजता.

*

मावशीला सगळं सांगितलं. तिने ऐकलं, वाडग्यात स्वतः थेंब टाकून पाहिले, आणि पहिलं काम हे केलं की सहाही जॅक परत चढवले. दुसरं काम म्हणजे आम्हाला गप्प राहायला सांगितलं.

“आत्ताच जाऊन बाबाला धरू की,” मी म्हणालो.

“धरून काय करशील? तो दुसऱ्या गावाला जाईल. आणि माझ्या एकोणीस जणी घरी जाऊन एका दिवसाचा कसावा शिजवतील, कारण त्यांनी डोळ्यांनी निळं पाहिलंय. डोळ्यांनी पाहिलेलं कानांनी निघत नाही रे. डोळ्यांनीच काढावं लागतं. उद्या महाराज पोती न्यायला येणारच आहेत. सत्कार ठेवू.”

“सत्कार?”

“चांगला मोठा. खुर्ची आण कुठूनतरी. हातांची.”

*

शुक्रवार, साडेतीन. शेड खच्चून भरलेली. जॅकवर पोतं टाकून ते झाकलेले. बाबा हातांच्या खुर्चीत, अंगरखा नवा, कडक. गर्दीत त्यांची पत्रकं वाटली जात होती, वर दाढीसकट फोटो. मावशी पुढे आली.

“महाराजांनी काल चमत्कार दाखवला. आज आमच्या कडकताईला तोच जमतोय. महाराजांचीच कृपा म्हणायची. दाखव गं.”

बाबांनी काही बोलायच्या आत कडकताईने टेबलावरचं फडकं ओढलं. ओळीने बश्या. ती बाबांसारखी एक खांदा वर करून उभी राहिली आणि अगदी त्यांच्या आवाजात म्हणाली, “हे पहिलं पाणी, दर्शनपाणी! दवाखान्यात आयोडीन म्हणून मिळतं!”

पहिल्या बशीत तीन दिवस दाबलेला, भाजलेला शुद्ध रवा. चार थेंब. निळा.

“अरे देवा, नाग भाजूनही मेला नाही!”

बटाट्याची फोड. निळी. शिळा भात. निळा. तिने स्वतःचा खळ घातलेला रुमाल पसरला, थेंब टाकला. निळा. साखर. काही नाही. मीठ. काही नाही. “साखरेत नाग नाही हो, उद्यापासून साखरच खा!” लोक हसायला लागले होते. मग तिने महाराजांचं पत्रक टेबलावर पसरलं आणि नेम धरून एक थेंब फोटोवर सोडला. कागदालाही खळ असते. बाबांची दाढी निळी झाली.

शेड हसून हसून हलली. पुढच्या रांगेतली एक आजी म्हणाली, “शोभते तरी!”

“आणि हे हरणपाणी! हिरड्यांची गोळी, पाण्यात कुटून!” रवा पांढरा, भात पांढरा, रुमाल पांढरा. दाढी तेवढी निळीच ठेवली.

“ही चेटूकविद्या आहे!” बाबा उठले.

“मग तुमची काय, सुतारकाम?” कडकताई म्हणाली.

पण बाबा मुरलेले होते. त्यांनी हात वर केला, हसू थांबेपर्यंत थांबले. “रंगाचं सोडा. रंग म्हणजे लोकांना समजावं म्हणून. खरं काम मंत्राचं. त्या सव्वीस पोत्यांतलं विष माझ्या मंत्राने गेलं की नाही? सांगा कुणीही!”

मी बघितलं, काही माना हलल्या. होकारार्थी. मावशीने घड्याळाकडे पाहिलं. चार वाजत होते.

नर्सबाईंनी दोन बाटल्या आणून सगळ्यांसमोर ठेवल्या. काल चार वाजता दोन्ही पट्ट्या पिवळ्या होत्या, हे आम्ही तिघांनी पाहिलं होतं. आता जुन्या रव्यावरची पट्टी तशीच पिवळी होती. बाबांच्या किसावरची भाजलेल्या विटेसारखी लाल-तपकिरी. बाटल्या रांगेतून हातोहात फिरल्या.

“कागदाचं काय!” बाबा म्हणाले. “कागद काहीही होतो. अन्नाची परीक्षा जिभेने!”

“बरोबर,” मावशी म्हणाली. तिने बाबांच्या पोत्यातला मूठभर कीस सकाळीच भाजून ठेवला होता. चमचाभर बशीत घेतला, पुढे केला. “घ्या महाराज. तुमच्याच हातचा.”

बाबांनी बशी दोन बोटांनी मागे सारली. “आज माझा उपास आहे.”

“उद्या?”

“उद्याही.”

“मग मी खातो,” घंटाकाका म्हणाले. त्यांनी घंटा खाली ठेवली, लंगडत पुढे आले. त्यांचा चेहरा अगदी शांत होता. गुडघा बाबांनीच बरा केला, असं ते सगळ्यांना सांगायचे, लंगडता लंगडता. “माझा विश्वास आहे,” म्हणाले, आणि चमचा उचलून तोंडाशी नेला.

मावशीने तो हातातून झटक्यात उडवला. रवा जमिनीवर सांडला, चमचा हौदापर्यंत घरंगळत गेला.

“तुम्ही नाही,” ती म्हणाली. तिचा आवाज पहिल्यांदाच बारीक झाला होता. “तुम्ही खरंच खाल, काका.”

मग ती बाबांकडे वळली. “आणि तुम्ही बघत उभे राहिलात.”

एका चमच्याने काकांना काही झालं नसतं, नर्सबाईंनी नंतर सांगितलं. पण बाबांना ते ठाऊक नव्हतं. त्यांना एवढंच ठाऊक होतं की आपण खायचं नाही. आयोडीनपेक्षा, पट्टीपेक्षा, या एका गोष्टीने शेडमधलं वारं फिरलं. कुणी त्यांना हात लावला नाही, शिवी दिली नाही. लोकांनी फक्त मधून वाट करून दिली. खुर्ची तेवढी तिथेच राहिली, ती चहावाल्याची होती. नर्सबाईंनी त्यांचं नाव आणि दोन्ही बाटल्यांचा अहवाल त्याच संध्याकाळी वर कळवला. घंटाकाका हौदाच्या कडेवर बसून राहिले. मावशीने त्यांना पाणी दिलं, साधं, आणि म्हणाली, “गुडघा दवाखान्यात दाखवा आता.”

*

गर्दी पांगली तेव्हा एकोणीस जणींपैकी सगळ्यात धाकटी, जी कधी तोंड उघडत नाही, तिने विचारलं, “पण मावशी, तीन दिवसांत होतं तरी काय?”

मावशी म्हणाली, “मला माहीत असतं तर सांगितलं असतं गं. सासूने तीन सांगितले, मी तीन केले.”

आणि तिथे आमची चूक मला दिसली. बाबांनी शेड फोडली नव्हती. दार आम्हीच उघडं ठेवलं होतं. कारण न सांगता पाळलेला चांगला नियम आणि कारण न सांगता विकलेला खोटा मंत्र, लांबून सारखेच दिसतात. त्यात मंत्राला तीन दिवस कमी लागतात.

नर्सबाईंनी पोत्यावर बसून सांगितलं. विष कंदाच्या आत बांधलेलं असतं. किसलं की बारीक कण फुटतात आणि ते सुटायला लागतं, वायू होऊन. थोडं हवेत उडतं, थोडं दाबाच्या पाण्याबरोबर वाहून जातं, आंबण्यामुळे उरलेलं सुटत राहतं. भाजताना आणखी थोडं जातं, पण सगळं नाही. या सुटण्याला वेळ लागतो. इतकंच. “कमी वेळात होईल का, हे शोधायला हरकत नाही,” त्या म्हणाल्या, “बारीक किसा, पातळ पसरा, काय हवं ते करून बघा. पण दर वेळी पट्टी लावा. पट्टी हो म्हणाली तर दोन दिवस. नाही म्हणाली तर तीन.”

धाकटी म्हणाली, “म्हणजे विचारायचं.”

“म्हणजे मोजायचं,” नर्सबाई म्हणाल्या.

*

शनिवारी गाडी आली. मावशीने चौदा पोती चढवली आणि शाळांच्या जेवणाचं बघणाऱ्या बाईंना फोन लावला. काही लपवलं नाही. पट्टा, बाबा, पट्ट्या, सगळं. बाई म्हणाल्या, या चौदा पोत्यांवर चौदा शाळा मंगळवारपर्यंत भागवतील. आठ शाळांना थांबता येणार नाही, त्या या सत्रापुरत्या गिरणीकडे.

“आठ गेल्या,” मी म्हणालो. मला तोंड वर करवत नव्हतं.

“चौदा राहिल्या. आणि जादाचा एक पट्टा आणून ठेवलास का?”

“आणला. खिळ्याला टांगलाय.”

“दोन आण.”

रविवारी दाब संपला, सोमवारी पहाटे भट्ट्या पेटल्या, आणि पोती बांधायच्या आधी धाकटीने प्रत्येक पाचव्या पोत्यातला रवा बाटलीत घालून पट्टी टांगली. मंगळवारी दुपारी एकोणीस जणी आणि मी, सगळे त्या बाटल्यांसमोर निकालाला थांबल्यासारखे उभे. सगळ्या पट्ट्या पिवळ्या. मावशी यंत्रापेक्षा मोठ्याने हसली.

वाचणाऱ्यांना एवढंच सांगणं आहे. रंग बदलला म्हणजे गुण बदलला असं नाही. जी करामत एकाच माणसाच्या बाटलीतून होते, ती दुसऱ्याच्या बाटलीतून करून बघा. जो म्हणतो परीक्षा घेऊ नका, त्याची आधी घ्या. आणि तुमच्या घरात, दुकानात, शेडमध्ये जे चांगले नियम आहेत, त्यांचीही कारणं शोधून पोरांना सांगा, नाहीतर कुणीतरी स्वस्तात दुसरा नियम घेऊन येईल आणि पोरं तो घेतील. चूक त्यांची नसेल. आपल्या गरजेच्या वेळी जो सोपा उपाय दारात येतो, त्याला दुप्पट प्रश्न विचारा. स्वतःलाही विचारा. मी विचारले नव्हते.

*

पट्टा तुटला त्याच्या आदल्या दिवशी, रविवारी दुपारी, धाकटीने शेडमागच्या पडीक तुकड्यात कसाव्याच्या खोडाच्या साठ काड्या तिरक्या लावल्या होत्या. त्यांचे कंद वर्षभराने निघतील, आणि तेव्हा तीनच दिवस का, हे तिला ठाऊक असेल.